कुक्कुटगृहातील स्वच्छता : दुर्गंधीचे अर्थकारण

(व्याख्यानाचा पाठ)



भारतीय शेतीच्या संलग्न क्षेत्रांत कुक्कुटपालनाचे स्थान गेल्या काही दशकांत झपाट्याने उंचावले आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी होती. २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही वाढ १६.८ टक्के भरते. तथापि या एका आकड्यात दोन वेगळी चित्रे दडलेली आहेत. व्यावसायिक शेडमधील पक्षी ४.५ टक्क्यांनी वाढून ५३.४७ कोटी झाले, तर परसातील पक्षी ४५.८ टक्क्यांनी वाढून ३१.७१ कोटी झाले. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले. त्यात आंध्र प्रदेश, तामिळनाडू आणि तेलंगणा ही राज्ये अग्रेसर होती. दरडोई उपलब्धता वर्षाला १०३ अंडी इतकी झाली. पोषणतज्ज्ञांची शिफारस मात्र १८० अंड्यांची आहे. याचा अर्थ हे क्षेत्र अजून वाढणार आहे आणि ते वाढणे आवश्यकही आहे.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात हे आकडे पाठ केले जातात. पण उत्पादनाच्या तक्त्यांत न दिसणारा एक प्रश्न राहून जातो. एवढे पक्षी रोज जी विष्ठा टाकतात तिचे काय होते आणि तिचा भार कोण सोसतो? कुक्कुटगृहाची स्वच्छता हा विषय वरवर घरगुती वाटतो. प्रत्यक्षात त्यात रसायनशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, खतांचे अनुदान, पर्यावरणविषयक कायदा आणि पंचायत राज हे सारे धागे एकत्र येतात.

दुर्गंधी का निर्माण होते?

गाय किंवा म्हैस शरीरातील जादा नत्र मूत्रावाटे युरियाच्या रूपात बाहेर टाकते. पक्ष्यांत स्वतंत्र मूत्रविसर्जन नसते. त्यांच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो युरिक आम्लाचा असतो. विष्ठा खाली पडल्यावर जिवाणू या युरिक आम्लाचे आधी युरियात आणि नंतर अमोनिया वायूत रूपांतर करतात. नाकाला झोंबणारा वास तो हाच. विष्ठा साचून तिच्यात हवा शिरेनाशी झाली की सडण्याची वेगळी प्रक्रिया सुरू होते. तीतून गंधकयुक्त वायू बाहेर पडतात आणि कुजकट दुर्गंधी पसरते.

जिवाणूंच्या या कामाला ऊब, ओलावा आणि अल्कधर्मी माध्यम या तीन गोष्टी पोषक ठरतात. आपल्या हवामानात उष्णता टाळता येत नाही. ओलावा मात्र बऱ्याच अंशी पालकाच्या हातात असतो. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या किंवा भुशाच्या गादीतील ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर वास नियंत्रणात राहतो. तो ३० टक्क्यांच्या वर गेला की गादीची ढेपळे बनू लागतात आणि अमोनिया वाढतो. म्हणून दुर्गंधीमुक्त कुक्कुटगृह म्हणजे मुख्यतः कोरडे कुक्कुटगृह होय. सुगंधी द्रव्ये फवारून किंवा वारंवार पाणी मारून हा प्रश्न सुटत नाही. गादी असलेल्या शेडमध्ये पाणी मारल्याने तो वाढतोच.

कुक्कुटगृहाच्या हवेतील अमोनिया दशलक्ष भागांत २५ भागांपेक्षा कमी असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पातळी यापेक्षा बरीच वाढली की पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांचे संरक्षक आवरण दुबळे होते. मग जिवाणूजन्य श्वसनरोगांना आणि रानीखेतसारख्या विषाणूजन्य रोगांना वाट मोकळी होते. येथे एक अडचण ध्यानात घेण्याजोगी आहे. रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाचे नाक या वासाला सरावते. त्यामुळे ज्याने तो ओळखायचा त्यालाच तो सर्वांत शेवटी कळतो. याच कारणामुळे पशुवैद्यक पक्ष्यांच्या उंचीवर वाकून, म्हणजे जमिनीपासून फूटभर अंतरावर, वास घेऊन पाहण्यास सांगतात.

कोरडेपणा कसा राखला जातो?

कोरडेपणाची सुरुवात शेडच्या आखणीपासून होते. आपल्याकडील उघड्या बाजूंच्या शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, जेणेकरून ऊन थेट आत येत नाही. रुंदी सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक असू नये, अन्यथा मधल्या भागातील हवा खेळत नाही. जमीन आजूबाजूच्या पातळीपेक्षा उंच असावी. छपराचा पुढे आलेला भाग पावसाची झड अडवेल इतका असावा. उत्तर भारताच्या थंडीत बाजूचे पडदे पूर्ण बंद करण्याची प्रथा आढळते. ऊब टिकते खरी, पण ओलावा आणि अमोनियाही आतच कोंडला जातो. म्हणून पडद्याची वरची फट हिवाळ्यातही मोकळी ठेवणे आवश्यक असते.

दुसरा घटक गादीचा. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले यांपैकी जे स्थानिक पातळीवर स्वस्त आणि कोरडे मिळेल ते वापरले जाते. ब्रॉयलरसाठी सुरुवातीला ५ ते ८ सेंटीमीटरचा थर पुरतो. अंड्यांच्या पक्ष्यांना अधिक काळ ठेवायचे असल्याने त्यांची गादी अधिक जाड असते. आठवड्यातून दोन-तीनदा ती खालीवर केली की हवा खेळते आणि पाणी उडून जाते. तपासणीसाठी उपकरण लागत नाही. मूठभर गादी हातात दाबावी. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ती ओली आहे, हलकेच फुटला तर योग्य आहे आणि मुळीच धरला नाही तर इतकी कोरडी आहे की धुळीचा त्रास होईल.

तिसरा घटक पाण्याच्या भांड्यांचा. गादी ओली होण्याची कारणे शोधू लागले तर बहुतेक वेळा गळकी भांडी किंवा चुकीच्या उंचीवर बसवलेली भांडी सापडतात. पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला भांड्याची कड आली की सांडणे कमी होते. निपल पद्धतीने ते आणखी घटते, मात्र निपल गळत नाहीत ना हे रोज पाहावे लागते. खाद्यात मीठ जास्त झाले तर पक्षी अधिक पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. गरजेपेक्षा अधिक प्रथिने दिली तर जादा नत्र विष्ठेतूनच बाहेर पडतो. म्हणजे स्वच्छतेचा काही भाग खाद्याच्या सूत्रातच ठरून जातो.

चुना आणि राख यांविषयी बराच गैरसमज आढळतो. दोन्ही पदार्थ ओल शोषतात. राखेत लोळल्याने पक्ष्यांच्या अंगावरील उवा-पिसवाही कमी होतात. पण दोन्ही अल्कधर्मी आहेत. ओल्या ताज्या विष्ठेवर ते टाकले तर अमोनिया अधिक वेगाने बाहेर पडतो. म्हणून आधी विष्ठा काढावी, जमीन कोरडी करावी आणि मगच चुना वापरावा. अमोनिया रोखायचा असेल तर तुरटीच्या जातीची, म्हणजे आम्लधर्मी, द्रव्ये उपयोगी पडतात. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात १९९० च्या दशकात झालेल्या संशोधनातून अॅल्युमिनियम सल्फेटचा हा गुण पुढे आला. त्यामुळे अमोनिया तर घटतोच, शिवाय खतातील स्फुरद पाण्याबरोबर वाहून जाण्याचे प्रमाणही कमी होते.

एक बॅच संपल्यानंतरच्या सफाईतही क्रम महत्त्वाचा आहे. जुनी गादी काढणे, कोरडे झाडणे, धुणे, वाळू देणे आणि शेवटी जंतुनाशक, असा तो क्रम आहे. विष्ठेचा थर शिल्लक असताना फवारलेले जंतुनाशक जवळजवळ निष्प्रभ ठरते. त्यानंतर सुमारे दोन आठवडे शेड रिकामे ठेवल्यास रोगसाखळी तुटण्यास मदत होते.

परसातील खुराडे

देशातील एक तृतीयांशाहून अधिक पक्षी परसात आहेत. तेथे व्यवहार वेगळा असतो. कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात आणि रात्री खुराड्यात येतात. त्यामुळे बरीचशी विष्ठा शिवारात विखुरते, खुराड्यात साचते ती केवळ रात्रीची. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असले, तळाला बांबूच्या फटी ठेवल्या आणि खाली विष्ठा पडण्यासाठी पत्रा किंवा पोते अंथरले तर रोज सकाळी ती पाच-दहा मिनिटांत उचलता येते. उंचावलेल्या खुराड्यामुळे मुंगूस-मांजरांपासूनही संरक्षण मिळते. पण अनेक घरांत खुराडे भिंतीला टेकून, कधी स्वयंपाकघराच्या बाजूलाच, असते. विष्ठा उचलण्याचे काम बहुतेक ठिकाणी घरातील स्त्री करते, धूळ आणि वायू तिच्याच श्वासात जातात आणि या श्रमाची नोंद उत्पन्नाच्या कोणत्याही हिशोबात होत नाही.

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती आणि राष्ट्रीय पशुधन अभियानासारख्या योजना यांमुळे परसातील पक्ष्यांची संख्या वाढत गेली. पाच-सहा कोंबड्यांच्या जागी वीस-तीस आल्या की जुने खुराडे अपुरे पडते. पक्षी वाटप होते, पण खुराड्याचा आराखडा आणि सफाईचे प्रशिक्षण त्यासोबत पोहोचतेच असे नाही.

नत्राचा हिशोब

आता या प्रश्नाची आर्थिक बाजू पाहू. अंड्यावरील एक कोंबडी रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात सुमारे १७ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो. म्हणजे रोज सुमारे ३ ग्रॅम नत्र तिच्या पोटात जातो. अंड्यावाटे त्यातील साधारण १ ग्रॅम बाहेर येतो. उरलेला सुमारे २ ग्रॅम नत्र विष्ठेत जातो. १०,००० कोंबड्यांच्या शेडमध्ये रोज सुमारे एक टन ताजी विष्ठा आणि तिच्यात २० किलो नत्र जमा होतो. युरियात ४६ टक्के नत्र असतो. या हिशोबाने असे शेड रोज जवळजवळ ४५ किलोच्या एका गोणीतील युरियाइतका नत्र निर्माण करते.

व्यवस्था ढिसाळ असली तर यातील निम्म्यापर्यंत नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाऊ शकतो. शेजाऱ्यांना जी दुर्गंधी जाणवते ती म्हणजे हवेत उडून जाणारे खतच होय.

मग पालक हे खत का वाचवत नाही? युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला कर व कडुनिंब आवरणाचा आकार वगळता २४२ रुपयांना मिळते. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे आणि तो फरक सरकारी तिजोरी सोसते. या अनुदानित किमतीने मोजले तर १०,००० पक्ष्यांच्या शेडमधून निम्मा नत्र उडून गेल्याचे नुकसान दिवसाला जेमतेम १२० रुपये भरते. तेवढ्यात एक मजूरही ठेवता येत नाही. देशाच्या दृष्टीने मौल्यवान असलेला नत्र पालकाच्या वहीत कवडीमोल ठरतो. एका क्षेत्रातील अनुदान दुसऱ्या क्षेत्रातील वर्तन कसे वाकवते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पालकाला स्वच्छतेकडे वळवणारा खरा लाभ खताचा नसून पक्ष्यांच्या आरोग्याचा आहे. मरतूक घटते, खाद्याचे मांसात किंवा अंड्यात रूपांतर सुधारते आणि औषधांचा खर्च वाचतो. विस्तार कार्यकर्त्यांनी भर द्यायचा तो या मुद्द्यावर.

खर्च कोणाचा, त्रास कोणाला?

अर्थशास्त्रात अशा परिस्थितीला ऋण बाह्यता म्हणतात. उत्पादकाच्या कृतीचा काही खर्च व्यवहारात सहभागी नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीवर पडतो. हरियाणातील पंचकुला जिल्ह्याचा बरवाला परिसर हा उत्तर भारतातील अंडी उत्पादनाचा मोठा पट्टा आहे. तेथील गावकऱ्यांनी माश्यांच्या उपद्रवाविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. माशीची अळी ओल्या विष्ठेत वाढते आणि उन्हाळ्यात अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास आठवडा-दीड आठवड्यात पूर्ण होतो. त्यामुळे पिंजऱ्यांखालील विष्ठा ओली राहिली तर फवारणी कितीही केली तरी नवी पिढी तयार होतच राहते. तामिळनाडूतील नामक्कल पट्ट्यात उंचावर बांधलेली पिंजरागृहे दिसतात. खालून वारा वाहिल्याने विष्ठेचे ढीग वाळत जातात आणि अळ्यांना पोषक ओल राहत नाही.

आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये अशा बाह्यतेवर कराचा उपाय सुचवला. रोनाल्ड कोझ यांनी १९६० मध्ये हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीचा खर्च कमी असेल तर पक्ष आपापसांत तोडगा काढू शकतात, अशी मांडणी केली. बरवाल्यासारख्या ठिकाणी वाटाघाटीचा खर्च मोठा असतो. गावे अनेक, शेड अनेक आणि कोणती माशी कोणत्या शेडमधून आली हे सांगणे अशक्य.

ब्रॉयलरच्या करार पद्धतीत खर्चाची आणखी एक विभागणी दिसते. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवते. शेड, तूस, पाणी, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची असते. त्याला वजनानुसार संगोपन शुल्क मिळते. दोन बॅचमधील खंड किती असावा यावर कंपनीच्या वेळापत्रकाचा प्रभाव असतो, सफाईचा खर्च मात्र सर्वस्वी शेतकऱ्याचा. तूस बॉयलरमध्ये जळण म्हणून वापरले जाऊ लागल्याने त्यासाठीही स्पर्धा निर्माण झाली आहे. जुनी गादी पुन्हा वापरण्याचा मोह त्यातून होतो.

लहान उत्पादकांबाबत दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मध्य प्रदेशातील नर्मदापुरम (पूर्वीचा होशंगाबाद) जिल्ह्यात केसला येथे आदिवासी महिलांची कुक्कुटपालन सहकारी संस्था २००१ मध्ये स्थापन झाली. घराजवळ काही शे पक्ष्यांचे लहान शेड, सामूहिक खरेदी-विक्री आणि गावपातळीवर पशुवैद्यकीय सेवा हे तिचे सूत्र. अशा महिलेच्या शेडविरुद्ध शेजाऱ्याने तक्रार केली आणि ते बंद पडले तर तिच्या हातातील रोख उत्पन्न थांबते. तक्रारीकडे दुर्लक्ष झाले तर शेजाऱ्याच्या घरात माश्या आणि वास कायम राहतो. दोघेही गरीब असू शकतात आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या कलम ४८-अ मध्ये पर्यावरण संरक्षण हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व आहे, तर ५१-अ (ग) मध्ये ते नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या निकालात प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. त्याआधी १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या जबाबदारीतून निधीच्या अभावाचे कारण सांगून सुटता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्या खटल्यातील फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली आहे.

कुक्कुटगृहांपुरते पाहता, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचा फेरविचार करण्याचे निर्देश दिले आणि ५,००० पेक्षा अधिक पक्ष्यांची शेड संमतीच्या कक्षेत आणण्यावर भर दिला. त्यानंतर ही तत्त्वे सुधारण्यात आली. निवासी वस्तीपासूनचे अंतर, जलस्रोतांचे संरक्षण, विष्ठेची साठवण आणि मृत पक्ष्यांची विल्हेवाट या बाबी त्यांत येतात.

या मर्यादेखालील शेड आणि परसातील खुराडी यांची संख्या प्रचंड आहे. तेथे प्रदूषण मंडळाचा अधिकारी पोहोचू शकत नाही आणि पोहोचूही नये. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हा चौथा विषय आहे आणि आरोग्य व स्वच्छता हा तेविसावा. दोन्ही विषय एकाच ग्रामपंचायतीकडे येऊ शकतात. केसल्यातील कल्पित शेजाऱ्यांचा वाद सोडवण्याची योग्य जागा हीच होय.

पुढील दिशा

पहिली गरज कोंबडखताला गुणवत्तेनुसार किंमत मिळण्याची आहे. कोंबडखतात कर्बाच्या मानाने नत्र फार असल्याने ते एकटे नीट कुजत नाही. त्यात भाताचा पेंढा किंवा तत्सम कर्बयुक्त पदार्थ मिसळून ढीग ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू दिला की रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात आणि नत्र टिकतो. हरियाणात एका बाजूला पेंढा जाळला जातो आणि दुसऱ्या बाजूला विष्ठा सडते. वाहतुकीचा खर्च पेलण्याजोगा असेल तेथे हे दोन प्रश्न एकमेकांचे उत्तर होऊ शकतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोबरधन योजनेत कोंबडखताला स्थान देणे त्यादृष्टीने उपयुक्त आहे.

दुसरी गरज करारात सफाईला स्थान देण्याची. दोन बॅचमधील किमान खंड आणि तुसाचा खर्च यांचा उल्लेख करारात असावा. तिसरी गरज पक्षी वाटपाच्या योजनांत खुराड्याचा खर्च आणि महिलांचे प्रशिक्षण अंतर्भूत करण्याची. हा खर्च लहान आहे. त्याच्या अभावी होणारे नुकसान किती मोठे असू शकते हे देशाने पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ मध्ये त्याच तालुक्यावर पुन्हा ती वेळ आली. केवळ सफाईने असा विषाणू रोखता येतो असे नाही. पण विष्ठेची उघड वाहतूक, शेडमधून शेडमध्ये जाणारी पादत्राणे आणि उघड्यावर टाकलेले मृत पक्षी हे त्याच्या प्रसाराचे मार्ग असतात आणि स्वच्छतेची शिस्त ते अरुंद करते.

अंड्यांची दरडोई उपलब्धता २०२३-२४ मधील १०३ वरून १८० पर्यंत न्यायची असेल तर पक्षी वाढतील आणि त्यांच्यासोबत विष्ठाही वाढेल. ती कोरडी ठेवण्याचे श्रम आज शेडमालक, मजूर आणि घरातील स्त्री करतात. त्याचा लाभ मात्र शेजारी, ग्राहक आणि खत अनुदानाचा भार वाहणारी तिजोरी या सर्वांना मिळतो. हा लाभ आणि हा खर्च एकमेकांच्या जवळ आणणे हे धोरणकर्त्यांचे काम आहे. उद्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात बसून अशा तक्रारींचे कागद हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने शेड बंद करण्याच्या आदेशावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : गादी ओली का झाली, आणि ती कोरडी ठेवण्याचा खर्च कोणाच्या माथी आहे?